सत्तावीस उन्हाळे

दिगंबर मोघे यांना वास येत नाही, ही गोष्ट अख्ख्या कलकत्त्यात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस म्हणजे स्वतः दिगंबर मोघे. निदान त्यांची समजूत तरी तशी होती.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात त्यांना आठ दिवस ताप आला. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. दुसऱ्या कुणाचे असे झाले असते तर त्याने ते चारचौघांत सांगून सहानुभूती तरी मिळवली असती. दिगंबररावांची तशी सोय नव्हती. त्यांनी चौतीस वर्षे चहाचा लिलाव करणाऱ्या एका कंपनीत चहा चाखण्याची नोकरी केली होती. टेबलावर रांगेने मांडलेल्या दोनअडीचशे पेल्यांतला एकेक चमचा सुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, पिकदाणीत थुंकायचा आणि मागून वही घेऊन चालणाऱ्या कारकुनाला त्या चहाचा मळा, महिना आणि दोष सांगायचा, हे त्यांचे काम. निवृत्तीनंतरही भवानीपूरपासून टॉलीगंजपर्यंतच्या मराठी घरांत त्यांच्या जिभेचा दरारा कायम होता. लग्नातली बासुंदी असो की कुणाच्या गावाहून आलेले लोणचे असो, पहिली वाटी मोघ्यांपुढे यायची. मोघे ‘ठीक’ म्हणाले की ते ठीक.

वास गेल्यावर दिगंबररावांना एक अप्रिय सत्य कळले. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढेच कळते. बाकीची सगळी विद्वत्ता नाकाची असते. चौतीस वर्षे काम नाकाने केले होते आणि भाव जिभेने खाल्ला होता.

त्यांनी ही गोष्ट लपवली. त्याला कारण होते. मुले परदेशी, नोकरी संपलेली, गुडघे बोलायला लागलेले. आता ही जीभही गेली म्हटल्यावर चारचौघांत आपल्याला ओळखायचे कशावरून? म्हणून कुणी वाटी पुढे केली की ते आधी आजूबाजूच्यांना खाऊ देत, त्यांचे चेहरे नीट न्याहाळत आणि मग डोळे मिटून निकाल देत. दोन वर्षे त्यांनी पदार्थ चाखलेच नाहीत, माणसे चाखली. एकदाही चूक झाली नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी दत्तात्रय आठल्ये त्यांच्या दारात उभे राहिले. आठल्ये हुगळीकाठच्या बजबज बंदरातल्या तेलाच्या डेपोत हयात घालवून टॉलीगंजला स्थायिक झालेले. सारे त्यांना दत्तोपंत म्हणत.

“मोघे, येत्या रविवारी पंच्याहत्तरी आहे माझी. अकरा वाजता या. आणि तुम्ही चाखल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे मी सगळ्यांना सांगून ठेवलंय.”

“कशाला हात लावायचा नाही?”

“बाटलीला.”

ती बाटली सगळ्यांना ऐकून माहीत होती. सत्तावीस वर्षांपूर्वी बजबजच्या धक्क्याला लागलेल्या एका तेलवाहू जहाजाच्या फ्रेंच कप्तानाने ती दत्तोपंतांना दिली होती. ‘ठेवा, जितकी जुनी तितकी चांगली,’ एवढे सांगून तो निघून गेला. दत्तोपंत दारूच्या थेंबाला न शिवणारे गृहस्थ, पण कुणी विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू ते ठेवणार म्हणजे ठेवणार. त्यांच्या पत्नी नलिनीवहिनींनी एकच अट घातली होती, की बाटली देवघराच्या भिंतीला टेकता कामा नये. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या. बाटली राहिली.

“दत्तोपंत, मी चहातला माणूस. वाइनमधलं मला काय कळणार?”

“जीभ ती जीभ. आणि तो सौरभही आहेच. केतकीचा.” केतकी ही दत्तोपंतांची एकुलती एक मुलगी. “मोठ्या हॉटेलात लोकांना कुठली वाइन प्यायची ते सांगतो म्हणे. मूळचा नाशिकचा. मी अजून लग्नाला हो म्हटलेलं नाही. म्हटलं, मोघे काय सांगतात आणि हा काय सांगतो, ते एकदा ऐकू. ज्याला पारखच नाही, त्याच्या हाती मुलगी कशी द्यायची?”

मग दत्तोपंतांचा आवाज थोडा खाली आला. “मोघे, मुरली असेल ना हो? नलिनीने फार जपली ती. तिचा हात लागलेली वस्तू कधी नासली नाही आमच्या घरात.”

दिगंबररावांनी ‘पाहू’ म्हणून मान हलवली आणि दार लावून घेतले. आजवरची परीक्षा इतरांच्या चेहऱ्यांवर निभावली होती. इथे शेजारी बसणार होता तो खरा जाणकार.

दुपारी त्यांनी गुपचूप नाकाची तालीम घेतली. फिनेलची बाटली हुंगली. कापराची वडी हुंगली. हिंगाच्या डबीत नाक घातले असताना त्यांच्या पत्नी शैलाताई स्वयंपाकघरात आल्या.

“काय बघताय?”

“हिंग आहे का शिल्लक, ते बघत होतो.”

“आहे,” शैलाताई म्हणाल्या आणि डबी त्यांच्या हातातून घेऊन जागेवर ठेवली.

शुक्रवारी दिगंबररावांनी दत्तोपंतांना फोन करून आपल्याला सर्दी झाल्याचे कळवले. दत्तोपंत हळहळले आणि म्हणाले, “मग आपण कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवू. तुमच्याविना कसलं परीक्षण?” अशा रीतीने पंच्याहत्तरी आठ दिवस पुढे गेली. त्या आठ दिवसांत पुरीला गेलेली दोन कुटुंबे परत आली, बराकपूरचे एक निवृत्त कर्नल येतो म्हणाले, आणि केतकीने फोनवरून सगळ्यांना एक आमंत्रण पाठवले. त्यात सत्यनारायणाच्या वेळेखाली ‘वाइनचे परीक्षण: श्री. दिगंबर मोघे’ असे स्वतंत्र ओळीत लिहिले होते. सर्दीने चौदा पाहुण्यांचे बावीस केले.

रविवारी पूजा आटोपली. प्रसाद झाला. मग दत्तोपंतांनी आतून बाटली आणली आणि नलिनीवहिनींच्या फोटोपुढच्या पाटावर ठेवली. बाटलीच्या गळ्याखाली कुंकवाचे एक बोट होते. लेबलावरची अक्षरे पार उडून गेली होती आणि तिथे फक्त एक पिवळट चौकोन उरला होता.

सौरभ तिशीतला, सडपातळ, फार अदबीने वागणारा मुलगा होता. त्याने बाटली दोन्ही हातांत घेतली आणि उजेडाकडे धरली.

“काका, ही ठेवायचा कुठे?”

“माळ्यावर. स्वयंपाकघराच्या वरती. उबदार जागा.”

“उभी?”

“आडवी कशाला ठेवू? सांडली असती ना.” दत्तोपंतांनी अभिमानाने बावीस जणांवरून नजर फिरवली. “आणि नुसती ठेवली नाही. नलिनीची शिस्तच होती. वैशाखात डाळी, गोधड्या, पापड गच्चीत उन्हात घालायचे, की त्यांच्या शेजारी हीसुद्धा. चार दिवस कडक ऊन. इथली हवा ही अशी दमट. बुरशी धरायची बिशाद नव्हती. ती गेल्यावर मी चालू ठेवलं. सत्तावीस उन्हाळे दाखवलेत हिला.”

सौरभने काही बोलण्यासाठी तोंड उघडले. मग त्याने केतकीकडे पाहिले. केतकी कलकत्त्यातच वाढलेली, तिचे मराठी घाईत नेहमी घसरायचे. ती म्हणाली, “तू उघड ना आधी. बाबा सकाळपासून वाट बघून राहिलेत.”

बूच निघाले नाही. त्याचा भुगा झाला आणि निम्मा भुगा आत पडला. मग शैलाताईंनी सुचवले म्हणून चहाची गाळणी आली आणि एका काचेच्या पेल्यात थोडी वाइन गाळून घेतली गेली. पेल्याकडे पाहून दिगंबररावांना जरा धीर आला. रंग ओळखीचा होता. जास्त उकळलेल्या चहाचा.

“सौरभ, तू तज्ज्ञ माणूस. तू आधी सांग,” दिगंबरराव उदारपणे म्हणाले.

“छे छे, काका. तुमच्यासमोर मी कोण?”

“तरुणांनी पुढे यायला हवं.”

“मी तुमच्यानंतर, काका. प्लीज.”

हा नम्रपणाचा सामना बराच लांबला असता, पण दत्तोपंतांनी निकाल दिला. “मान वडीलधाऱ्यांचा. सौरभ फक्त वास घेईल आणि पेला मोघ्यांना देईल. तसंच करतात ना तुमच्या हॉटेलात?”

सौरभने पेला नाकाशी नेला. दिगंबररावांनी आपली सारी विद्या डोळ्यांत गोळा केली आणि त्या चेहऱ्याकडे पाहिले. त्यांनी जे पाहिले ते असे: तरुणाने एक खोल श्वास घेतला. त्याचे डोळे एकदम भरून आले. त्याने ओठ घट्ट मिटले, पेला हलकेच खाली ठेवला आणि तोंड खिडकीकडे वळवून तो कितीतरी वेळ समोरच्या कदंबाच्या झाडाकडे पाहत राहिला.

दिगंबररावांना हायसे वाटले. जगातल्या उत्तमोत्तम वाइन ज्याच्या हाताखालून गेल्या, त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येते, याचा अर्थ एकच असू शकत होता.

त्यांनी पितळी तांब्या मागवून शेजारी ठेवला. चमचा बुडवला. त्यांनी तो चमचा जुन्या सवयीने असा ओढला की पुढच्या रांगेतले लहान मूल दचकून आईला बिलगले. मग वाइन तोंडात डावीकडून उजवीकडे घोळवली आणि तांब्यात थुंकली. कर्नलसाहेबांनी नकळत पाठ ताठ केली.

जिभेला फक्त आंबट लागले. चांगले सणसणीत आंबट. दिगंबररावांनी क्षणभर विचार केला. द्राक्षे आंबट असतात. तेव्हा हे द्राक्षांचेच आहे, एवढे तर सिद्ध झाले.

“आंबट आहे,” ते म्हणाले.

दत्तोपंतांचा चेहरा पडला. त्यांचा हात आपोआप फोटोच्या चौकटीकडे गेला. ते पाहून दिगंबरराव घाईने पुढे बोलू लागले.

“पण आंबटपणा कसा आहे, ते महत्त्वाचं. प्रामाणिक आहे. लपवाछपवी नाही. तोंडात गेल्यापासून थुंकेपर्यंत एकसारखा टिकतो. आणि चढता आहे.”

“म्हणजे मुरली?”

“मुरली म्हणजे काय दत्तोपंत! याहून अधिक मुरणं शक्य नाही.”

खोलीभर सुस्कारा पसरला. आता सगळ्यांनी सौरभकडे पाहिले. सौरभने खिडकी सोडली. त्याने दिगंबररावांकडे पाहिले, केतकीकडे पाहिले, शेवटी फोटोला धरून उभ्या असलेल्या म्हाताऱ्याकडे पाहिले.

“काका बोलले ते शब्दशः खरं आहे,” तो सावकाश म्हणाला. “याच्यापुढे वाइन जाऊच शकत नाही.”

“ऐकलंस?” दत्तोपंत फोटोला म्हणाले. तेवढेच म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसले. मग केतकीचा हात धरून त्यांनी तो सौरभच्या हातात दिला. इतक्या गंभीर कारणासाठी झालेला होकार त्या घराने आधी पाहिला नव्हता.

बाटली एक आणि माणसे बावीस, म्हणून दत्तोपंतांनी पूजेची पळी घेतली आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पळी घातली. लोकांनी ती भक्तिभावाने प्राशन केली आणि सवयीने ओला हात डोक्यावरून फिरवला. कर्नलसाहेबांचा एक डोळा मिटला तो उघडेना. एका काकूंना ठसका लागला, पण मोघ्यांनी पसंत केलेल्या वस्तूला ठसका लागणे हा आपलाच अडाणीपणा, असे समजून त्यांनी तो पदरात दाबला. शेजारचे सेनगुप्ताबाबू “दारुण!” म्हणाले. बंगालीत याचा अर्थ फारच छान. मराठी मंडळींनी माना डोलावल्या, कारण दोन्ही भाषांत ते खरे होते.

उरलेली अर्धी बाटली दत्तोपंतांनी दिगंबररावांच्या हाती दिली. “जाणकाराच्या घरीच राहू दे ही.”

जिन्यात सौरभ मागून धावत आला आणि दिगंबररावांच्या पाया पडला. शैलाताई दोन पायऱ्या खाली थांबल्या.

“काका, तुमचे उपकार कसे फेडू? मला तर वास घेतल्याबरोबर डोळ्यांतून पाणी आलं. नाक जळलं अक्षरशः. व्हिनेगर झालंय पार. आता हे यांना सांगू कसं, या विचाराने मी खिडकीकडे बघत बसलो. तुम्हांला तर पेला हातात घेतानाच कळलं असणार. तरी तुम्ही एकही खोटा शब्द न बोलता, त्या नवराबायकोची सत्तावीस वर्षं वाचवलीत. मला हे कधी जमलं नसतं.”

दिगंबररावांनी कठड्याला धरले. “वयाने जमतं हळूहळू,” ते म्हणाले.

टॅक्सीत दिगंबरराव मांडीवर बाटली घेऊन बसले होते. रासबिहारीच्या सिग्नलला चालकाने मागे वळून विचारले, “बाबूजी, अचार ले जा रहे हैं क्या?” शैलाताईंनी काच खाली केली.

घरी आल्यावर शैलाताईंनी कांदा उभा चिरला, दोन हिरव्या मिरच्या चिरल्या, मीठ घातले आणि त्यावर बाटलीतला चांगला अर्धा कप गाळणीतून ओतला. “फार छान सिरका झालाय,” त्या म्हणाल्या. “वर्षभर पुरेल.”

दिगंबरराव जेवणाच्या टेबलाशी बसले. त्यांना एकदम फार दमल्यासारखे वाटले. “शैला,” ते म्हणाले, “मला वास येत नाही.”

“ठाऊक आहे.”

“दोन वर्षं झाली.”

“ठाऊक आहे म्हटलं ना. तुमचा ताप उतरला त्याच आठवड्यात दूध करपलं होतं. घरभर वास. म्हटलं, आता टाकून द्यायचं, तर तुम्ही त्याचा चहा पिऊन अजून एक कप मागितलात.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलला नाहीत म्हणून.” शैलाताईंनी कांदा कालवला. “आणि लोकांकडे जेवायला गेलो की मी तुमच्या समोरच्या खुर्चीवर का बसते, असं वाटतं तुम्हांला? बिघडलेला पदार्थ असला की तोंड वाकडं करून दाखवायला नको कुणी?”

दिगंबररावांना दोन वर्षांतले आपले अचूक निकाल एकेक करून आठवले. त्या प्रत्येकात समोर शैलाताईंचा चेहरा होता. ज्या परीक्षेत आपण एकदाही चुकलो नाही असे त्यांना वाटत होते, तिची उत्तरे समोरून येत होती. लाज वाटावी की बरे वाटावे, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी बरेच वाटले.

मग त्यांना आणखी काहीतरी आठवले. कंपनीतला त्यांच्या हाताखालचा माणूस दर वर्षी त्यांना दार्जिलिंगच्या पहिल्या तोडणीचा एक डबा पाठवी. रोज सकाळी ते त्या चहाचा पहिला घोट घेऊन ‘यंदाची तोडणी बरी आहे’ असे काहीतरी म्हणत.

“म्हणजे सकाळचा चहा...”

“कोपऱ्यावरच्या दुकानातली सुटी पावडर. दोन वर्षं. वास नसलेल्या माणसाला पहिली तोडणी कशाला द्यायची? जीव तुटला असता माझा.” त्या उठल्या आणि कपाट उघडून गोधड्यांच्या घडीमागून दोन डबे घेऊन आल्या. जुन्या सुती साडीच्या फडक्यात ते नीट बांधलेले होते. “जपून ठेवलेत. म्हटलं, कधीतरी येईल वास परत. त्या दिवशी काढू.”

दिगंबररावांनी डबे पुढे ओढले. डब्यांवरून हात फिरवत ते काही बोलणार, तोच शैलाताई पुढे म्हणाल्या, “नुसते ठेवले नाहीत हो. दोन्ही वैशाखांत गच्चीत ताटात पसरून, वर पातळ फडकं घालून, चार-चार दिवस कडक ऊन दाखवलंय.”

दिगंबररावांचा हात जागच्या जागी थांबला. अर्धा तास खिडकीत राहिलेल्या एका नमुन्यावरून ज्या माणसाने गोदामातल्या लोकांना फैलावर घेतले होते, तो माणूस त्या दोन डब्यांकडे पाहत राहिला. चहा मुरत नाही, तो मरतो, हे त्यांनी कितीतरी नव्या पोरांना शिकवले होते. त्यांनी तोंड उघडले. समोर शैलाताईंचा चेहरा होता, आणि सकाळी फोटोची चौकट धरून उभ्या असलेल्या दत्तोपंतांच्या चेहऱ्यावर होते तेच त्यावर होते.

“कर एक कप,” ते म्हणाले. “दोन कर. वास यायची वाट कशाला बघायची?”

शैलाताईंनी चांगले कप काढले. पाणी उकळले, तीन मिनिटे मोजली, गाळणीतल्या बुचाच्या भुग्याचे दोन कण आधी धुऊन टाकले. कपात उतरलेला रंग फिक्या गवताचा होता. दिगंबररावांनी आपला कप तसाच ठेवला आणि दोन वर्षांच्या सवयीने समोरच्या माणसाला आधी पिऊ दिले.

शैलाताईंनी घोट घेतला. गिळला. कपात पाहिले, मग डब्याकडे पाहिले. दत्तोपंतांची बाटली आणि आपले डबे एकदमच त्यांच्या डोळ्यांपुढे आले असावेत. गच्ची, ताट, पातळ फडके, चार दिवसांचे ऊन.

“कसा आहे?” दिगंबररावांनी विचारले.

शैलाताईंनी कप खाली ठेवला आणि अतिशय गंभीरपणे नवऱ्याकडे पाहिले.

“आंबट नाही,” त्या म्हणाल्या. “पण याहून अधिक मुरणं शक्य नाही.”

दिगंबररावांनी आपला कप उचलला, सुर्रकन मोठा घोट ओढला, तोंडात डावीकडून उजवीकडे घोळवला आणि गिळला. मग त्यांनी सगळा कप संपवला आणि पुढे केला.

“अजून अर्धा आहे का?”